सतरा अंकांची कमान

गावाचा इतिहास लिहिला जातो, घराण्याचा लिहिला जातो, तळ्यांचा आणि देवळांचाही लिहिला जातो. एखाद्या संख्येचा इतिहास लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. तो प्रसंग आमच्या नातवाने आणला.

संक्रांतीची सकाळ होती. मावल्यात दारोदार सडे पडले होते. आमच्या अंगणात सूनबाई रांगोळीचे ठिपके मांडीत होत्या. मधल्या ओळीत नऊ, तिच्या वर आणि खाली आठ-आठ, मग सात-सात, असे करीत दोन्ही टोकांना एकेक. समोरच्या तेलुगू घरातही हीच मांडणी चालली होती. ते ठिपक्यांना चुक्कलु आणि रांगोळीला मुग्गु म्हणतात, एवढाच फरक. आम्ही नातवाला विचारले, ठिपके एकूण किती? तो मोजू लागला. आम्ही म्हटले, मोजू नकोस, नऊ नवे एक्क्याऐंशी. त्याला ते पटले नाही. त्याने मोजलेच, आणि एक्क्याऐंशीच भरले. तेव्हा आम्ही आणखी थोडे पुढे गेलो. नऊ वेळा एक लिहून जी संख्या होते तिला तिनेच गुणले, तर उत्तरात हीच रांगोळी उमटते, असे आम्ही त्यास सांगितले. एकपासून नऊपर्यंत अंक चढत जातात आणि नवापासून एकपर्यंत उतरत येतात.

मुलगा संगणकाकडे धावला. हिशेबाच्या तक्त्यात त्याने गुणाकार मांडला आणि उत्तर वाचून दाखविले: १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी २१ च्या जागी दोन शून्ये. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या रांगोळीचा कोपरा पुसला आहे."

ज्याचे आयुष्य सरकारी आकड्यांत गेले, त्यास हे सहज सोडून देता येईना. आम्ही वहीचा कोरा कागद घेतला, नऊ ओळी मांडल्या आणि बेरीज केली. उत्तर आले: १२३४५६७८९८७६५४३२१. यंत्र चुकले होते. ते का चुकले हे शेवटी सांगू. पण त्या कागदाने आम्हांस या संख्येच्या मागे लावले, आणि शोधता शोधता असे दिसून आले की तिचा माग आपल्याच दख्खनच्या मातीतून जातो.

*

प्रथम संख्येची ओळख करून घेऊ. तिच्यात सतरा अंक आहेत. कोणी दर सेकंदास एक या गतीने, न झोपता मोजू लागला, तर तिथवर पोहोचण्यास त्याला सुमारे ३९ कोटी १२ लाख वर्षे लागतील. ती डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच आहे. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. या लहान संख्येत सगळे अंक ओळीने आहेत, फक्त आठ नाही. तिला नवाने गुणले की नऊ एक मिळतात. आमच्या मूळ संख्येचे मूळ अवयव पाहू गेल्यास तीनच सापडतात: ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांपैकी ३ चार वेळा आणि बाकीचे दोन-दोन वेळा घेऊन गुणाकार केला की संख्या पुरी होते.

तिला नाव कसे द्यावे? आपल्या व्यवहारात कोटी, अब्ज, खर्व यांच्या पुढे सहसा कोणी जात नाही. परंतु भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त स्थानांची अठरा नावे दिलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. या यादीवर आपली संख्या बसवून पाहिली तेव्हा आम्हांस मोठा संतोष वाटला. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज. मग शिखरावर नऊ अर्बुद. तेथून खाली आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीनशे एकवीस. अठरांपैकी सतरा घरे भरली. परार्धाचे तेवढे रिकामे राहिले.

भास्कराचार्य आपल्यापासून फार दूरचे नव्हेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चालविलेल्या मठास १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या शाळेसाठी दान द्यावे आणि ते लोकांच्या भाषेत दगडावर कोरावे, हा आपल्या पूर्वजांचा व्यवहार होता.

*

परंतु अशा चढत्या-उतरत्या संख्येचा माग भास्कराचार्यांच्याही मागे जातो. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची राजधानी मान्यखेट येथे होती. ते आजचे मळखेड. निजामाच्या राज्यात ते गुलबर्गा जिल्ह्यात होते, आणि १९५६ पर्यंत आमचा आदिलाबाद जिल्हा आणि ते एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते. त्या अमोघवर्षाची स्तुती ज्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी केली, तो जैन गणिती महावीराचार्य. त्याच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात स्थानांची नावे अठरांवर थांबत नाहीत. ती चोवीस आहेत आणि शेवटचे नाव महाक्षोभ आहे.

या ग्रंथात महावीराचार्य एका संख्येचे वर्णन शब्दांनी करतो. एकाने आरंभ होऊन सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी, म्हणजेच १२३४५६५४३२१. आमच्या संख्येची ही थोरली बहीण, सहा पायऱ्यांची. पुढे गुणाकाराच्या उदाहरणांत तो ती पुन्हा आणतो. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, असे तो सांगतो. गुणाकार करावा तर उत्तर तेच. आम्ही ही दोन संख्यांची जोडी उलगडून पाहिली. ४४१ हा २१ चा वर्ग आहे आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. आता २१ ने ५२९१ ला गुणले की १११११ च्या पुढची संख्या, म्हणजे सहा एक, येतात. दिसायला ओबडधोबड अशा दोन संख्यांच्या आत सहा एकांचा वर्ग लपलेला आहे. शिष्याने पाटीवर घाम गाळावा आणि शेवटी उत्तराची कमान पाहून त्याचा चेहरा उजळावा, हाच त्या उदाहरणाचा हेतू दिसतो. अशी आणखीही उदाहरणे तो देतो. १३९ आणि १०९ यांचा गुणाकार १५१५१. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की दोन टोकांना एकेक आणि मध्ये आठ शून्ये. अशा उत्तरांना तो कंठात घालण्याच्या माळेची उपमा देतो.

आमच्या वाचकांस विशेष वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. हा संस्कृत ग्रंथ अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन याने तेलुगूत आणला. तेलुगूतील गणिताचा तो पहिला ग्रंथ समजला जातो. म्हणजे आपण ज्या भाषेच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहोत, तिच्यात ही माळ आपल्या 'लीलावती'च्याही आधी आली होती. समोरच्या अंगणातील मुग्गु आणि आमच्या अंगणातील रांगोळी यांचे नाते आम्ही समजत होतो त्याहून जुने आहे.

*

ही कमान उभी कशी राहते, हे समजण्यास चौथीचे गणित पुरे. नऊ एकांना नऊ एकांनी गुणावयाचे म्हणजे तीच संख्या नऊ ओळींत लिहावयाची, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवून. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक पडतो. त्याच्या डावीकडच्या रकान्यात दोन, पुढच्यात तीन. मधल्या रकान्यात नऊही ओळी एकत्र येतात आणि तेथे नऊ होतात. मग ओळी एकेक करून संपत जातात. अंगणातील ठिपक्यांची हीच कथा आहे. नऊ ओळी आणि नऊ रकाने यांचा चौकोन कोपऱ्यावर उभा केला की एक, दोन, तीन असे नऊपर्यंत जाऊन परत एकपर्यंत उतरणारे ठिपके मिळतात. सूनबाईंनी तांदळाच्या पिठाने जे मांडले, तो या संख्येचा गुणाकारच होता.

यात एक मेख आहे. मधल्या रकान्यात नऊच आले म्हणून हातचा घ्यावा लागला नाही. दहा एक घेऊन तोच खेळ करा. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा एक डावीकडे जातो, तेथेही दहा होतात, आणि कमान ढासळते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढावरील आठ नाहीसा झाला आणि शिखरावर नवाच्या जागी दोन शून्ये बसली. म्हणजे नऊ एकांची संख्या ही या वंशातील शेवटची निर्दोष संतती. योगायोग असा की, दहा एकांच्या वर्गात एकोणीस अंक आहेत, आणि 'लीलावती'ची नावे अठराव्या घरीच संपतात. कमान आणि नावे एकाच उंबरठ्याशी थांबली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खरा आहे. तीन मूळ अवयव हा संख्येचा स्वतःचा गुण आहे. ती कोणत्याही रीतीने लिहा, तो बदलत नाही. पण चढती-उतरती कमान हा तिच्या लेखनाचा गुण आहे. माणसास बारा बोटे असती आणि तो बारांच्या पटीत लिहीत असता, तर ही कमान अकरा एकांपर्यंत टिकली असती. शुद्ध गणिताचे अभ्यासक म्हणूनच अशा गोष्टींकडे जरा हसून पाहतात. अंकांचा खेळ, असे म्हणतात.

आम्ही ज्या दप्तरांत वाढलो, त्यांच्या अनुभवाने या आक्षेपाकडे पाहावेसे वाटते. निजामाच्या काळातील महसुली कागदांत रकमा सियाक पद्धतीने लिहिलेल्या आढळतात. त्यात प्रत्येक रकमेला आखडलेल्या अरबी शब्दासारखे वेगळे चिन्ह असते. शंभराचे वेगळे, हजाराचे वेगळे. तेथे घरांना किंमत नाही. सियाकात आपली संख्या लिहिली असती तर कमान दिसलीच नसती. रोमन आकड्यांतही दिसली नसती. उलट साध्या उर्दू अंकांत ती दिसते, आणि तेथे आणखी एक गंमत होते. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जातो, परंतु मधली संख्या डावीकडूनच वाचावी लागते. नवशिक्या वाचणाऱ्याची नजर तेथे अडखळते. आमची संख्या मात्र कोणत्याही बाजूने वाचली तरी चुकत नाही. मोडी, बाळबोध, तेलुगू, उर्दू, या चारही लिप्यांचे अंक दिसायला वेगळे, पण घरांची किंमत सर्वांत एकच. ती घरांची व्यवस्था हा या देशाचा शोध आहे. तिच्यात काय काय सामावले आहे हे पाहणे म्हणजे नुसता खेळ, असे आम्हांस वाटत नाही.

*

या संख्येच्या कुळाला विसाव्या शतकात नाव दिले ते एका शाळामास्तराने. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. घरी आकडेमोड नित्याचीच होती. ठाण्यास शालेय शिक्षण आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय. तेथे असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढचे शिक्षण घेतले नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली तेथूनच निवृत्त झाले.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो नावाच्या स्थानकावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. हे डोंबिवलीचेच तेव्हाचे नाव असे सांगतात. गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाने त्या स्थानकाचे ऋण असे फेडले की त्या संख्यांना त्याने डेम्लो संख्या म्हटले. त्यांतही १, १२१, १२३२१ अशा चढत जाणाऱ्या वर्गांना त्यांनी अद्‌भुत डेम्लो संख्या म्हटले. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांवरील त्यांचा लेख आला, आणि पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी त्यांची उपपत्ती मांडली. आमची सतरा अंकी संख्या त्या अद्‌भुत कुळातील नववी. मान्यखेटच्या सहाव्या पायरीपासून देवळालीच्या नवव्या पायरीपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ अकरा शतके लागली.

कापरेकरांनी आणखीही संख्यांना नावे दिली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आमची संख्या ८१ ने भागली जाते, म्हणून तीही हर्षद ठरते. आपल्या गावाच्या नावाने त्यांनी देवळाली संख्या निर्माण केल्या. परंतु त्यांचे नाव जगभर गेले ते चार अंकी ६१७४ मुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आणि जे उरेल त्यावर हीच क्रिया पुन्हा करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि मग बदलत नाही. आपण १९५६ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपल्यातील कित्येक घरांची सोयरीक सीमेच्या दोन बाजूंस झाली. ९६५१ वजा १५६९, उरले ८०८२. ८८२० वजा ०२८८, उरले ८५३२. ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. तीन पायऱ्यांत पोहोचलो.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. पण त्यांच्या वाट्यास आलेला आदर बेताचाच होता. पुष्कळ गणिती त्यांचे लेखन किरकोळ समजत. कित्येक पुस्तिका त्यांना स्वतःच छापून काढाव्या लागल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या करीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगास, व जगाच्या मागोमाग आपणांस, देवळालीचे मास्तर दिसले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ साली ते वारले.

*

आता एक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. ती आमच्याच नोकरीतील आहे, आणि तिच्यात दोष आमचा आहे.

आमच्या हाताखाली एक तरुण कारकून होता. आपल्याच लोकांतील, घरी मराठी बोलणारा. एका वर्षी वसुलीच्या तक्त्यात सत्तावीस रुपयांचा फरक निघाला. रक्कम क्षुद्र, पण फरक तो फरक. आम्ही त्यास सर्वांसमक्ष टोचून बोललो. हिशेबात मन नाही, आकड्यांशी चाळे करीत बसतो, असे म्हणालो. चाळे हा शब्द आम्ही उगाच वापरला नव्हता. मोकळ्या वेळेत तो रद्दी कागदावर संख्यांचे चौकोन मांडीत बसलेला आम्ही पाहिला होता. त्याने मान खाली घातली. शेवटी एका जुन्या, निवृत्तीस आलेल्या लिपिकाने तक्ता पुढे ओढला आणि म्हटले, साहेब, सत्तावीसला नवाने भाग जातो, तेव्हा कोठे तरी अंकांची अदलाबदल आहे. पंधरा मिनिटांत सापडले. पंचवीसच्या जागी बावन्न लिहिले गेले होते.

ते तसे का लिहिले गेले, हे आपल्या घरांत वाढलेल्या कोणासही कळेल. मराठीत आपण एकक आधी बोलतो, मग दशक. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. तेलुगूत दशक आधी. इरवै ऐदु म्हणजे वीस आणि पाच. समोरचा तेलुगूत सांगतो, ऐकणारा मराठी कानाने ऐकतो, पहिला ऐकलेला अंक एककाच्या घरात जाऊन बसतो, आणि पंचवीसचे बावन्न होतात. त्या मुलाची ती निष्काळजी नव्हती. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहण्याची ती किंमत होती, आणि आम्ही स्वतःही लहानपणी ती शाळेत छडीच्या रूपाने दिलेली होती.

नवांचा ताळा आम्ही हजारो वेळा पाहिला असेल. अंकांची बेरीज करावी, नऊ काढून टाकावेत, बाकी जुळते का पाहावी. पण हा ताळा अदलाबदल पकडू शकत नाही, कारण पंचवीस आणि बावन्न या दोहोंच्याही अंकांची बेरीज सातच. अंक तेच ठेवून त्यांच्या जागा बदलल्या की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. हीच वस्तुस्थिती ६१७४ च्या मुळाशी आहे. कापरेकरांच्या प्रत्येक वजाबाकीत तेच अंक जागा बदलून येतात, म्हणून प्रत्येक उत्तर नवाच्या पटीतले. ६, १, ७ आणि ४ यांची बेरीजही अठराच. जी गोष्ट आमच्या कचेरीत चूक म्हणून पकडली जात होती, तीच देवळालीस एका मास्तराच्या वहीत विचार म्हणून फुलत होती. आम्ही तीस वर्षे नवाचा पट पाहिला तो फक्त दोषी शोधण्यासाठी. हा नियम असा का असावा, हे एकदाही विचारले नाही. जो विचारू शकला असता, त्यास आम्ही चाळे करतो म्हणून गप्प केले.

तो कारकून पुढे बदलून गेला. त्याची क्षमा मागण्याची संधी आम्ही घेतली नाही. निवृत्तीनंतर कापरेकरांचे चरित्र वाचताना, त्यांच्याकडे हसून पाहणाऱ्या विद्वानांचा आम्हांस राग आला, आणि लगेच तो आमच्याच दिशेने वळला.

*

नातवाच्या यंत्राचा ताळा आता पाहू. ज्या तक्त्यात त्याने गुणाकार केला, तो संख्येचे पहिले पंधरा अंकच सांभाळतो. त्यापुढच्या घरांत तो शून्ये भरतो. आमच्या संख्येत सतरा अंक, म्हणून शेवटचे दोन गेले. मोठमोठ्या रकमांच्या हिशेबात एवढी चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. येथे ती ध्यानात आली, कारण शेवटी काय असावयास हवे हे आपल्याला आधीच माहीत होते. ज्याला रांगोळीचा आकार ठाऊक, त्यालाच पुसलेला कोपरा दिसतो. मोठ्या संख्यांचे अचूक हिशेब करणारी यंत्रेही अर्थात आहेत. पण कोणत्या यंत्रावर कोठवर विश्वास ठेवावा, हे सांगणारा ताळा शेवटी माणसाच्याच डोक्यात असावा लागतो.

आपल्या मुलांची शाळा आता तेलुगू किंवा इंग्रजी झाली आहे. पावकी-निमकी तर गेलीच, पाढेही इंग्रजीतून म्हटले जातात, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर येथे बहुतेक नातवंडे थबकतात. आम्ही यावर शोक करणार नाही. भाषा घरात किती टिकेल हे एकट्या आमच्या हाती नाही. पण अंगणातील ठिपक्यांत असलेले गणित मुलास दाखविणे आमच्या हाती आहे, आणि त्यास भाषेची फारशी अडचण येत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही नातवास कागद दिला आणि म्हटले, तूच गुण. त्याने नऊ ओळी मांडल्या, एकेक घर सरकवीत. बेरीज उजवीकडून सुरू केली. एक, दोन, तीन, असे मोठ्याने मोजत तो नवापर्यंत गेला. तेथे क्षणभर थांबून त्याने हातचा आहे का पाहिले. नव्हता. मग उतरू लागला. शेवटचा एक लिहून झाल्यावर त्याने कागद उलटा धरून पाहिला, पुन्हा सरळ धरला, आणि विचारले, दहा एक घेतले तर?

आम्ही उत्तर सांगितले नाही. त्याच्यापुढे दुसरा कागद सरकविला.